जखमी वळू घोड्याचं वीर्य घ्यायचं असेल तर ‘पाय बरा झाल्यावर बघू’ म्हणून थांबू नका

दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. माळशिरसकडचा मारवाडी वळू, टेम्पोतून उतरताना मागचा डावा पाय घसरला, सांधा सुजलाय, घोडीवर चढता येत नाही. दोन घोड्या माजावर यायच्या आहेत आणि तुम्हाला सल्ला मिळालाय की पाय बरा होईपर्यंत वीर्याचं नाव काढू नका. याच सल्ल्यानं आमचं सगळ्यात जास्त नुकसान झालंय, म्हणून सविस्तर लिहितो. पायाचे उपचार तुमचे डॉक्टर बघत असणार, त्यात मी पडत नाही. खाली दिलेले डोससुद्धा डॉक्टरांशी बोलण्यापुरते आहेत, स्वतः द्यायला नाहीत.

आधी हिशेब समजून घ्या. घोड्याच्या अंडकोषात शुक्राणू तयार व्हायला साधारण ५७ दिवस लागतात. पुढे अंडकोषाला चिकटलेल्या एपिडिडिमिसच्या नळीत तो पिकायला आणखी आठवडाभर. म्हणजे आज जे बीज तयार आहे ते जखमेच्या आधीचं आहे. आता ताप चढला, किंवा घोडा बसून राहिल्यानं अंडकोषाच्या पिशवीला सूज आली, तर तिथली उष्णता वाढते आणि त्याचा फटका काही आठवड्यांनी दिसतो. पाय भरून येतो तेव्हा नेमकं खराब बीज बाहेर यायला लागतं.

एका कार्यालयानं आम्हाला सांगितलं, आधी घोडा तंदुरुस्त असल्याचा दाखला आणा, मग वीर्य घेऊ. दाखला हातात येईपर्यंत दोन महिने गेले. मग काचपट्टीवर थेंब ठेवला तर शेपट्या गुंडाळलेले, जागच्या जागी थरथरणारे शुक्राणू; सरळ पुढे जाणारे शोधावे लागत होते. लंगडणारा घोडा उभ्यानं वीर्य देऊ शकतो हे त्या टेबलावर कुणालाच माहीत नव्हतं आणि विचारून घ्यायची तयारीही नव्हती. पुन्हा चांगलं बीज दिसायला आणखी दोन-अडीच महिने वाट पाहावी लागते. तुम्ही तो वेळ घालवू नका.

आता पद्धत. घोडा चारही पायांवर वजन टाकून उभा राहत असेल तर त्याला डमीवर, म्हणजे घोडीच्या जागी ठेवलेल्या ठोकळ्यावर, चढवायची गरज नाही. वेदनाशामक आधीपासून चालू हवं. फिनाइलब्युटाझोन बहुधा किलोला २.२ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. खाली रबरी मॅट, समोर कठड्यापलीकडे माजावरची घोडी. लिंग कोमट पाण्यानं आणि कापसानं धुवायचं, साबण अजिबात नाही, मग कोरडं करायचं. एव्ही म्हणजे कृत्रिम योनी हलकी, मिसुरी प्रकारची घ्या, कारण ती बराच वेळ हातात धरावी लागते. आतलं तापमान ४४ ते ४८ अंश. थर्मामीटर आत घालून बघा, बाहेरून हात लावून अंदाज करू नका. लिंगाच्या मुळाशी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल धरला की न चढताही घोडा लवकर तयार होतो. मुळाच्या खालच्या बाजूला बोटं ठेवली की वीर्यनळीचे ठोके लागतात, शेपटी वरखाली हलते. ठोके लागले की एव्हीचं तोंड खाली झुकवा, वीर्य बाटलीत उतरू द्या. माणसानं खांद्याजवळ उभं राहायचं, हेल्मेट घालून. दुखऱ्या पायाचा घोडा झोक जाऊन अंगावर येऊ शकतो.

पहिली दोन-तीन वीर्यं बघून घोडा बाद ठरवू नका. बरेच दिवस न घेतलेल्या वळूत जुनं, मेलेलं बीज साठलेलं असतं.

उभ्यानंही जमत नसेल तर औषधाची पद्धत आहे. इमिप्रामीन किलोला ३ मिलिग्रॅम तोंडातून, दोन तासांनी गुंगीचं औषध झायलाझीन किलोला ०.६६ मिलिग्रॅम शिरेतून. ४०० किलोच्या घोड्याला इमिप्रामीन १.२ ग्रॅम, म्हणजे २५ मिलिग्रॅमच्या ४८ गोळ्या. झायलाझीनची बाटली मात्र नीट वाचा. १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरची असेल तर २.६ मिलि लागतं, २० ची असेल तर १३ मिलि. इथे गफलत झाली तर पाचपट डोस जातो. पोटाखाली प्लॅस्टिकची पिशवी बांधून ठेवायची आणि ठाण अंधारं, शांत ठेवायचं, घोड्याला हात लावायचा नाही. वीर्य एक तर सुईनंतर दोन-चार मिनिटांत येतं, नाहीतर गुंगी उतरताना. मधल्या वेळात कंटाळून पिशवी सोडणारे बरेच भेटतात. दर वेळी यश येत नाही, पण आलं तर वीर्य थोडं आणि दाट असतं. दुखऱ्या पायावर गुंगीत घोडा पडू शकतो, त्यामुळे डॉक्टर समोर हवेतच. आणि घोडा शांत ठेवायला अ‍ॅसिप्रोमाझीन नको. वळूचं लिंग बाहेर लोंबकळून सुजतं, कधी कधी परत आत जातच नाही.

घोडा वाचणारच नाही असं ठरलं, तर शेवटचा मार्ग अंडकोष. काढले की ओल्या कापडात, पिशवीत घालून ५ अंशांच्या आसपास ठेवा आणि २४ तासांच्या आत एपिडिडिमिसचं शेपूट धुऊन बीज काढा. बर्फ थेट लावला की खलास.

वीर्य हाती आल्यावर: बाटली ३७ अंशांवर गरम, उन्हापासून झाकलेली. जेल गाळून लगेच त्याच तापमानाच्या दूध-ग्लुकोज एक्सटेंडरमध्ये, म्हणजे वीर्य टिकवणाऱ्या द्रावणात, मिसळायचं. थंड पाठवायचं तर एका डोसला १०० कोटी शुक्राणू, मिलिला २.५ ते ५ कोटी, आणि १९ ते ८ अंशांमधला उतार अगदी सावकाश. सोलापूरचा उन्हाळा ४२-४३ ला जातो. डब्यातला आइसपॅक बाटलीला चिकटू देऊ नका, मध्ये पुठ्ठा घाला.

हे सगळं करण्याआधी ग्लँडर्स आणि ईआयए (घोड्यांचा संसर्गजन्य रक्तक्षय) या रोगांची रक्ततपासणी करून घ्या. कुणाच्या घोड्या थरोब्रेड (शर्यतीच्या जातीच्या) असतील तर कृत्रिम रेतनानं झालेल्या शिंगराची नोंद होत नाही, हे मालकाला आधीच सांगा.

ताप किती आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. सकाळ-संध्याकाळ गुदद्वारातून मोजा. ३७.५ ते ३८.५ अंश ठीक, वर असेल तर वीर्य घेण्याआधी ताप उतरवा. आणि अंडकोषाच्या पिशवीला सूज वाटली तर दिवसातून तीन-चारदा दहा-पंधरा मिनिटं गार पाण्याची धार सोडा. आकडे इथे टाका, मग पुढचं बघू.