जपमाळ ओवायला बसण्यापूर्वी

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. नोकरी सांभाळून रत्नमण्यांच्या जपमाळा हाताने ओवण्याचे काम सुरू करायचे तू ठरवले आहेस आणि आधी काय शिकावे, असे विचारले आहेस. मणी आणण्यापूर्वी घरातली एखादी जुनी माळ घे आणि महिनाभर रोज तिच्यावर जप कर. मधल्या बोटावर माळ ठेवून अंगठ्याने एकेक मणी आपल्याकडे ओढायचा, तर्जनी लावायची नाही, माळेची दोन टोके जिथे मिळतात तिथला मेरुमणी आला की तो न ओलांडता माळ फिरवून घ्यायची, ही कृती तू पाहिलेली आहेस. जप करणाऱ्याचे डोळे मिटलेले असतात, माळ बहुधा गोमुखीत, म्हणजे जपाच्या कापडी पिशवीत, असते, म्हणजे तिची पारख शेवटी अंगठाच करतो. दगड, आकार, दोरा, गाठ यांबाबतचा प्रत्येक निर्णय तू त्या अंगठ्याला विचारून घ्यावास, एवढेच मला मनापासून सांगायचे आहे.

आकाराचेच पाहा. आठ मिलिमीटरच्या १०८ मण्यांची नुसती लांबी ८६ सेंटिमीटर होते आणि दोन मण्यांमधल्या प्रत्येक गाठीला दीड मिलिमीटर धरले तर माळ मीटरभराच्या पुढे जाते. स्फटिकाच्या अशा माळेचे वजन पाऊणशे ग्रॅमच्या आसपास भरते, तर सहा मिलिमीटरच्या मण्यांची माळ त्याच्या निम्म्याहूनही हलकी होते. गळ्यात मोठे मणी शोभतात हे खरे, पण पहाटे तासभर हात उचलून बसणाऱ्या वयस्कर माणसाला ते वजन मनगटात जाणवते. म्हणून माळ मागणाऱ्याला, ती गळ्यात घालायची आहे की तिच्यावर जप करायचा आहे, हे आधी विचारत जा. बाजारात मण्यांचे सर साधारण ४० सेंटिमीटरचे मिळतात. आठ मिलिमीटरचे दोन सर घेतले तरी १०८ मणी भरत नाहीत, तेव्हा तीन घ्यावे लागतात. उरलेल्या मण्यांची हळहळ नको. टवका उडालेले, वेज म्हणजे दोरा ओवायचे भोक वाकडे गेलेले किंवा रंगाने वेगळे पडणारे मणी बाजूला काढण्याची मोकळीक त्यांच्यामुळेच मिळते.

वेजाची कड नीट पाहा, कारण माळा तिथेच तुटतात. माझ्या सुरुवातीच्या काळात मी ओवलेली एक स्फटिकमाळ दोन वर्षांत तुटून परत आली. माळ बाळगणाऱ्या आजी रोज अकरा माळा जप करत आणि दोरा मेरुमण्याच्या अगदी शेजारी, जिथे माळ दर वेळी उलटी फिरते तिथे, करवतीने कापावा तसा कापला गेला होता. भिंगाखाली पाहिले तेव्हा त्या मण्याच्या वेजाला काचेसारखी धारदार कड दिसली. दोष दोऱ्याचा नव्हता, न पाहता मणी ओवणाऱ्या माझ्या हाताचा होता. तेव्हापासून मी प्रत्येक मण्याच्या वेजातून आधी रेशमाचा तुकडा मागेपुढे ओढते आणि ज्या मण्याशी त्याचे तंतू उसवतात तो मणी बाजूला ठेवते.

गाठवण्याचे कसब आपल्याकडे दागिने दोऱ्यात ओवून देणाऱ्या पटवेकऱ्यांच्या हातात आहे. तुझ्या गावात मंगळसूत्रे गाठवून देणारा कोणी असेल तर चार दुपारी त्याच्याजवळ जाऊन बस. दोरा माळेच्या किमान तिप्पट लांबीचा घे, त्याला वजन बांधून रात्रभर टांगून ठेव, म्हणजे त्याचा ताण आधीच निघून जाईल आणि माळ पुढे सैल पडणार नाही. गाठ आवळण्यापूर्वी फासात बोथट सुई घालायची, तिने गाठ मण्याला भिडेपर्यंत सरकवायची आणि मगच सुई काढून दोरा ओढायचा. गाठ फार घट्ट झाली तर माळ काठीसारखी ताठ राहते आणि बोटावरून वळत नाही. सैल राहिली तर मणी घासत राहतात. नीट बसली, तर अंगठ्याला एक मणी संपून दुसरा सुरू होण्याआधी क्षणभर मोकळी जागा लागते आणि नाम तिथे टेकते.

दगडाचे नाव खरे सांग. स्फटिक म्हणून काच सर्रास विकली जाते. भिंगाखाली गोल बुडबुडे दिसले तर ती काच समज. मणी केसावर ठेवून फिरवताना काही कोनांतून केस दुहेरी दिसला तर तो स्फटिक आहे, मात्र कारखान्यात वाढवलेला स्फटिकही या परीक्षेत उतरतो हे विसरू नकोस. पिरोजा म्हणून हाउलाइट नावाचा पांढरा दगड रंगवून येतो. जांभळा ॲमेथिस्ट सतत उन्हात राहिला तर फिका पडतो. प्रवाळ आणि मोती मऊ असतात, त्यांना घामाचा व आम्लाचा त्रास होतो, त्यामुळे त्या माळा वापरून झाल्यावर मऊ कापडाने पुसायला सांग. अमुक मण्याने अमुक आजार बरा होतो, असे मात्र कोणत्याही कागदावर लिहू नकोस, विक्री कितीही वाढत असली तरी. श्रद्धा माळ घेणाऱ्याची असते, तिचा भाव आपण लावू नये.

अकीक (अ‍ॅगेट) घ्यायचा असेल तर तो कुठून येतो ते जाणून घे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्या लाव्ह्याने आपला सह्याद्री घडला, त्याच लाव्ह्याच्या पोकळ्यांत अकीक तयार झाला. गुजरातमध्ये राजपिपळ्याजवळच्या रतनपूर भागातला हा दगड खंबायतेत (खंभातमध्ये) येतो. तिथे तो तापवला की त्यातल्या लोहामुळे पिवळट रंगाचा लाल होतो. गुजरातमधल्याच लोथल या सिंधू संस्कृतीच्या नगराच्या उत्खननातही मणी घडवण्याचा कारखाना सापडला आहे, इतके हे काम जुने आहे. त्याच खंबायतेत दगड घासणाऱ्यांच्या फुप्फुसांत सिलिकाची (दगडातल्या गारेची) धूळ साचून सिलिकोसिस हा रोग होतो आणि तो बरा होत नाही. म्हणून मणी पाण्याखाली घासतात का, धूळ ओढून घेणारे यंत्र आहे का, हे व्यापाऱ्याला विचार आणि त्यासाठी दोन पैसे जास्त द्यावे लागले तर दे. स्वतःही कधी कोरडा दगड घासू नकोस, एका मण्याचा वेज मोठा करायचा असला तरी वाटीभर पाण्यातच कर.

पहिली माळ ओवून झाली की माझ्याकडे पाठव. मेरुमणी मात्र बांधू नकोस, दोऱ्याची दोन्ही टोके तशीच मोकळी राहू दे. सगळ्या गाठी मला एकदा अंगठ्याखालून घालायच्या आहेत.