विसर्जनाच्या रात्रीचा खून लिहिणाऱ्या नवोदितास

बेळगावच्या गणेशोत्सवात खून घडवण्याची तुमची कल्पना मला मनापासून आवडली; मात्र पहिले प्रकरण लिहिण्याआधी एका कागदावर खून कोणी, का आणि नेमका किती वाजता केला हे लिहून ठेवा, कारण शेवट ठरवल्याशिवाय पेरलेले दुवे पुढे हमखास निसटतात.

उत्सव केवळ देखावा म्हणून वापरणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. कपिलेश्वर तलावाकडे निघालेली मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. ढोल-ताशांत किंकाळी बुडते, गुलालात रक्ताचा डाग लपतो, आणि रस्ते बंद असल्याने पंचनाम्याला उशीर होतो. हे सारे कथानकाच्या कामाला लावा.

राजकीय दबाव भाषणांतून सांगू नका. विसर्जन शांततेत पार पडेपर्यंत 'अपघाती मृत्यू' अशीच नोंद ठेवा, असा एक फोन फौजदाराला येणे पुरेसे आहे. सीमाप्रश्न 1956 पासूनचा आहे. त्याचा सगळा इतिहास पहिल्याच कथेत आणण्याचा मोह टाळा, आणि कन्नड बोलणारा तो खलनायक, अशी सोपी वाटणी तर मुळीच करू नका.

आपल्या भागातला खरा ऐवज भाषेत आहे. मराठी साक्षीदार वडिलांना 'अण्णा' म्हणतो, जबाब कन्नडमध्ये नोंदवणारा हवालदार त्याचा अर्थ थोरला भाऊ असा घेतो, आणि तपास भलत्याच माणसामागे लागतो.

संशयित चारच ठेवा. शवविच्छेदनाचे बारकावे दुसऱ्या खर्ड्यात पाहू. आधी पहिला खर्डा पूर्ण करा, तो तुमच्या हातून नक्की होईल.