रिचर्ड बर्टनने आपली प्रतिभा वाया घालवली का?

नाही. ज्यांनी तुम्हाला असं सांगितलं त्यांनी बर्टन पाहिला असेल, ऐकलेला नाही.

तुम्ही विचारलंय की सात वेळा नामांकन मिळूनही एकही ऑस्कर नाही, रंगभूमी सोडून सिनेमात गेला आणि पुढे निवेदनं, रेकॉर्डिंगं करत राहिला, मग या वेल्श नटाचं नेमकं पाहायचं काय? यातला निवेदनांचा भाग मला लागला. मी डबिंग करते. त्याआधी बरीच वर्षं हौशी रंगभूमीवर होते, राज्य नाट्य स्पर्धेत कामं केली. हेच बोलणं मी तोंडावर ऐकून घेतलेलं आहे, आणि तेही बर्टनचंच उदाहरण देऊन.

आमच्या संस्थेत तेव्हा कुसुमाग्रजांचं ‘बेकेट’ बसवायचं घाटत होतं. दिग्दर्शक सर वयाने, मानाने मोठे. त्यांनी आम्हा सगळ्यांना 1964 चा ‘बेकेट’ चित्रपट दाखवला. बर्टन बेकेट आणि पीटर ओटूल राजा दुसरा हेन्री. चित्रपट संपल्यावर सर म्हणाले, हा माणूस थोर इंग्रज नट लॉरेन्स ऑलिव्हिएच्या पंक्तीला बसायचा, पण सिनेमा आणि रेकॉर्डच्या पैशापायी संपला. मग माझ्याकडे वळून, सगळ्यांच्या देखत म्हणाले, “तूही सांभाळ. काचेच्या खोलीत उभं राहून वाचणं म्हणजे अभिनय नव्हे.” मी नुकतीच डबिंगसाठी मुंबईला जायला लागले होते. घरभाडं त्यातूनच निघत होतं, आणि ते सरांना माहीत होतं.

मी तिथल्या तिथे विचारलं, “सर, तुम्ही त्याचं ‘अंडर मिल्क वुड’ ऐकलंय?” नव्हतं ऐकलं. विषय बदलला. पुढच्या आठवड्यात वाचनाला गेले तेव्हा माझी भूमिका दुसरीकडे गेली होती. कारण कुणी सांगितलं नाही.

तेव्हा जे बोलायचं राहिलं ते आता तुम्हाला सांगते. ‘अंडर मिल्क वुड’ लिहिणारा वेल्श कवी डिलन थॉमस नोव्हेंबर 1953 मध्ये न्यूयॉर्कला वारला, वय अवघं 39. त्याचं हे श्रुतिनाट्य बीबीसीने जानेवारी 1954 मध्ये प्रसारित केलं आणि त्यातला ‘पहिला आवाज’, म्हणजे निवेदक, बर्टन होता. तो तेव्हा 28 वर्षांचा होता आणि त्याच हंगामात लंडनच्या ओल्ड विक नाट्यगृहात हॅम्लेट करत होता. म्हणजे प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकणारा नट त्याच दिवसांत मायक्रोफोनपाशी येऊन एक आख्खं झोपलेलं गाव हलक्या आवाजात उभं करत होता. त्याला कुठेही घाई नाही. शब्दाच्या शेवटच्या व्यंजनापर्यंत तो पोचतो, श्वास कुठे घेतला ते कळू देत नाही. हे किती अवघड आहे ते डबिंगच्या बूथमध्ये उभं राहिल्याशिवाय समजत नाही. तिथे हात हलवता येत नाहीत, कारण बाहीची सळसळ माइकमध्ये येते. मान जरा वळली की आवाज पातळ होतो. ओठ कोरडे पडले तरी ऐकू येतं. समोरच्या पडद्यावर रडतोय तो दुसराच कुणी, आणि त्याचे ओठ मिटतील तिथेच आपलं वाक्य मिटलं पाहिजे. चेहरा, प्रकाश, वेशभूषा, काही म्हणजे काही मदतीला नसतं. नाट्यशास्त्रात वाणीला नाट्याचं शरीर म्हटलंय. एवढी अभ्यासू मंडळी ते कसं विसरतात!

बर्टनचा आवाज आयता आलेला नव्हता. साउथ वेल्समधल्या पोंट्रिदिवेनच्या खाणकामगाराचं तो बारावं अपत्य, मूळ आडनाव जेन्किन्स, घरची भाषा वेल्श. दोन वर्षांचा व्हायच्या आत आई गेली, मग पोर्ट टॅलबटला बहिणीने वाढवला. मध्यंतरी शाळा सोडून तो कपड्यांच्या दुकानात कामाला लागला होता. फिलिप बर्टन या शिक्षकाने त्याला परत आणलं, पुढे त्याचं पालकत्व घेतलं. आडनाव तिथून आलं. हे गुरुजी त्याला डोंगरावर नेत आणि शेक्सपिअर म्हणायला लावत. स्वतः लांब लांब जात राहायचे, आणि पोराने न ओरडता त्यांच्यापर्यंत पोचायचं. आमच्याकडे तालमीत बेंबीच्या देठापासून बोला म्हणतात, ते हेच. या रियाजाचं फळ रंगमंचावर मिळालं तर कला आणि माइकसमोर मिळालं तर धंदा, असं कसं?

रंगभूमी त्याने सोडली हेही अर्धवट खरं. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ‘कॅमेलॉट’ या संगीत नाटकासाठी त्याला 1961 मध्ये टोनी हा रंगभूमीचा पुरस्कार मिळाला. 1964 मध्ये, सिनेतारका एलिझाबेथ टेलरशी असलेल्या नात्यामुळे जगभरचे फोटोग्राफर मागे लागलेले असताना, त्याने जॉन गिलगुड यांच्या दिग्दर्शनाखाली हॅम्लेटचे 137 प्रयोग केले. सगळे नट तालमीच्या साध्या कपड्यांत, आणि मृत राजाच्या भुताला आवाज स्वतः गिलगुड यांचा, ध्वनिमुद्रित केलेला! इंग्रजी रंगभूमीच्या सर्वांत मोठ्या माणसाला आवाजाचं काम कमी वाटलं नाही, मग आमच्या संस्थेत कुणाला का वाटावं? ‘इक्वस’ हे नाटक त्याने आधी 1976 मध्ये रंगमंचावर केलं, मग चित्रपटात. ऑस्करचं सातवं नामांकन त्या चित्रपटासाठीच.

आणि 1978 चा जेफ वेनचा ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’चा संगीत अल्बम. त्यात बर्टन पत्रकाराच्या तोंडून सगळी कथा सांगतो. त्याचे चित्रपट ज्यांनी नावानेही ऐकलेले नाहीत अशी माणसं हा आवाज ओळखतात. तो 1984 मध्ये गेला, तरी 2006 मध्ये या अल्बमचे रंगमंचावर प्रयोग सुरू झाले तेव्हा त्यात निवेदन त्याचंच, ध्वनिमुद्रित.

त्याने वाईट सिनेमे भरपूर केले, हे मान्यच आहे. ‘द एक्झॉर्सिस्ट’चा दुसरा भाग पाहू नका. ‘रेन्स ऑफ रांचीपूर’मध्ये त्याला चेहरा रंगवून भारतीय डॉक्टर केलंय, तो आपल्याला बघवत नाही. दारूने त्याची कितीतरी वर्षं खाल्ली, आणि वाया गेलं असेल तर ते तिथे गेलं. पण त्याचं खापर मायक्रोफोनवर फोडू नका.

पाहायचं म्हणाल तर ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ आणि ‘हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ’. शेवटचा चित्रपट ‘नाइन्टीन एटी-फोर’ मात्र पाहाच. त्यात तो छळ करणारा अधिकारी आहे आणि जवळजवळ सगळं खालच्या पट्टीत, समजावल्यासारखं बोलतो. पडद्यावरची भीती सगळी त्या आवाजात आहे. पण सुरुवात 1954 च्या ‘अंडर मिल्क वुड’पासून करा, त्याच्यावरच्या 1972 च्या चित्रपटापासून नको. आणि तुमच्या ओळखीत नाटकवाले कुणी असतील आणि आवाजाच्या कामाला नाक मुरडत असतील, तर त्यांना ते पहिलं पान माइकसमोर वाचायला लावा आणि रेकॉर्डिंग त्यांचं त्यांनाच ऐकवा.