सोशल मीडियाच्या कामात पुन्हा, पण या वेळी स्वतःच्या नावावर

प्रश्न : मी सहा वर्षं एका डिजिटल एजन्सीत सोशल मीडियाचं काम केलं. २०२० च्या सुरुवातीला मुलीच्या जन्माच्या वेळी नोकरी सोडली, पुढे सासूबाईंच्या आजारपणामुळे परतणं लांबत गेलं. आता मुलगी शाळेत जाते आणि मला घरून फ्रीलान्स काम सुरू करायचं आहे. पण मी सोडलं तेव्हा रील्ससुद्धा नव्हत्या. एक वर्षाचा डिप्लोमा करू का? एवढी मोठी गॅप क्लायंटला कशी सांगू? एका ओळखीच्यांनी त्यांच्या व्यवसायाचं पेज ‘सध्या असंच सांभाळ, पुढे बघू’ म्हणून विचारलंय. आणि माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी आज टीम लीड आहे, तिला फोन करायला हात धजत नाही.

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. डिप्लोमा, रील्स, गॅप यांबद्दल तुम्ही भरभरून लिहिलंय. पैसे किती मागायचे आणि काम कुठे थांबवायचं, याबद्दल मात्र एक ओळही नाही. मला काळजी त्या न लिहिलेल्या ओळीची वाटते. सोशल मीडिया मार्केटिंग तुम्ही सहा वर्षं केलंय, फ्रीलान्सिंग एक दिवसही केलेलं नाही. एजन्सीत दर ठरवणारं माणूस वेगळं होतं, बिलाचा पाठपुरावा करणारं वेगळं आणि ‘हे आपल्या कामात बसत नाही’ असं क्लायंटला सांगणारं आणखी वेगळं. आता ही तिन्ही माणसं तुम्हीच आहात.

तरी आधी तुमची भीती घेऊ, कारण ती खोटी नाही. तुम्ही बाहेर असताना खूप काही हललं. जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये रील्स आल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुक कंपनीचं नाव मेटा झालं. जुलै २०२३ मध्ये ट्विटर ‘एक्स’ झालं आणि त्याच महिन्यात तुमच्या सवयीचं जुनं गूगल ॲनालिटिक्स थांबून त्याची जागा जीए फोरनं (गूगल ॲनालिटिक्स ४) घेतली. पाठ करायची यादी म्हणून हे सांगत नाही. नावं आणि बटणं आठ-पंधरा दिवसांत हाताला बसतात.

समजून घ्यायला हवा तो एकच बदल. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलनं आयफोनसाठी आयओएस १४.५ ही प्रणाली आणली. त्यानंतर दुसऱ्या ॲप्समध्ये आणि वेबसाइट्सवर तुमचा माग ठेवू का, हे असा माग ठेवू पाहणाऱ्या प्रत्येक ॲपला वापरणाऱ्याला विचारावं लागू लागलं. पुष्कळ लोकांनी ‘नाही’ म्हटलं. जाहिरात पाहून कोणी खरेदी केली हे तुमच्या वेळचं पिक्सेल, म्हणजे वेबसाइटवर बसवलेला माग ठेवणारा कोड, जितकं स्वच्छ सांगायचं, तितकं स्वच्छ ते आता सांगत नाही. तुम्ही वय, आवडीनिवडी, लुकअलाइक (सध्याच्या गिऱ्हाइकांसारखे लोक) असे दहा-दहा ॲड सेट, म्हणजे जाहिरात कोणाला दाखवायची त्याचे गट, हातानं बांधले असतील. आज मेटा ते काम ‘ॲडव्हांटेज प्लस’च्या नावाखाली बरंचसं स्वतःकडे घेतं, मोहिमेची ११ उद्दिष्टंसुद्धा सहावर आणली आहेत. टार्गेटिंगची कारागिरी यंत्राकडे गेली, तसा सगळा भार जाहिरातीच्या मजकुरावर आला. पहिल्या तीन सेकंदांत काय दाखवायचं, गिऱ्हाइकाच्या मनातल्या नेमक्या कोणत्या शंकेला हात घालायचा, यावरून आता जाहिरात आपला माणूस शोधते.

हे मुद्दाम सांगतोय. सहा वर्षं कमेंट आणि मेसेज वाचणाऱ्या माणसाला त्या शंका माहीत असतात. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून कॅप्शन कोणीही मिनिटात लिहून घेतं. पण ‘पोचायला किती दिवस लागतात’ हाच प्रश्न लोक पुन्हा पुन्हा विचारतायत, म्हणून पुढची रील त्यावरच करायची, हे ठरवायला तो मेसेज बॉक्स रोज उघडणारं माणूस लागतं.

म्हणून डिप्लोमा नको. वर्षभराचा अभ्यासक्रम छापून होईस्तोवर त्यातली अर्धी पडद्यांची चित्रं जुनी होतात. मेटा ब्लूप्रिंट आणि गूगल स्किलशॉप यांवरचे ऑनलाइन धडे फुकट आहेत, ते दोन-तीन आठवड्यांत करा. मेटाची ॲड लायब्ररी रोज अर्धा तास उघडा. तुम्हाला ज्या क्षेत्रात काम हवंय त्यातले कोण कोणत्या जाहिराती चालवतायत, त्या केव्हापासून चालू आहेत, हे तिथे सगळ्यांना दिसतं. महिनोन् महिने चालू असलेली जाहिरात बहुधा पैसे परत आणत असते, ती नीट बघा. आणि एक स्वतःचं पेज काढून त्यावर स्वतःच्या खिशातून छोटी जाहिरात चालवा. स्वतःचे पैसे खर्च होताना माणूस रिपोर्ट वेगळ्या डोळ्यांनी वाचतो.

आता दराचं. ‘महिन्याला १२ पोस्ट आणि चार रील्स’ असं काम तुमच्याकडे येईल आणि तुम्ही मनात १६ गोष्टी मोजाल. मोजायचे तास. एका रीलची कल्पना आणि स्क्रिप्ट दीड तास, एडिटिंग तीन तास, क्लायंटच्या दुरुस्त्या एक तास, म्हणजे चार रील्सचेच २२ तास. एका पोस्टला दीड तास धरला तर १२ पोस्टचे १८. कमेंट आणि मेसेजना रोज अर्धा तास, महिन्याचे १५. मीटिंग आणि रिपोर्टचे सात. झाले ६२ तास. मुलगी शाळेत असताना मिळणारे आठवड्याचे २० तास धरले, तर हा एकच क्लायंट तीन आठवडे खातो. शिवाय कोटेशन, फोन, हिशेब, नवं काम शोधणं याचे पैसे कोणी देत नाही. त्यामुळे २० तासांतले १२-१३ च विकता येतील असं धरून दर काढा. जो आकडा येईल तो तुम्हाला जास्त वाटेल, तरी तो बोला. कमी दरानं धरलेला क्लायंट पुढे दर वाढवून देत नाही, हे मी इतक्या जणांच्या बाबतीत पाहिलंय की इथे मी हट्टी झालो आहे.

कोटेशनमध्ये दोन ओळी हव्यातच. दुरुस्त्या दोनदा, तिसऱ्या वेळेपासून वेगळे पैसे. आणि मेसेजना उत्तर अमुक ते अमुक वेळेत. दुसरी ओळ तुमच्या घरासाठी आहे. लोक कमेंट रात्री साडेदहालाही करतात आणि घाबरलेला क्लायंट तेव्हाच फोन करतो. एजन्सीत तो फोन दुसऱ्या कोणाला जायचा. मोठ्या तक्रारीच्या वेळी काय करायचं हेही आधीच ठरवून ठेवा, बाकी सगळं सकाळी. पोस्ट मेटा बिझनेस सूटमधून आगाऊ लावून ठेवता येतात, उत्तरं तशी लावता येत नाहीत.

ॲड अकाउंट क्लायंटच्याच नावाचं आणि कार्डही त्याचंच. ‘तुमच्या कार्डावरून चालवा, मी नंतर देतो’ याला कधीही हो म्हणू नका. पैसे अडकतातच, आणि तुमच्या खात्यावर एका क्लायंटच्या जाहिरातीमुळे बंदी आली तर बाकीच्या सगळ्यांचं काम त्याच क्षणी थांबतं. पासवर्डही मागू नका, पार्टनर ॲक्सेस घ्या, म्हणजे क्लायंट स्वतःच्या खात्यात तुम्हाला काम करायची परवानगी देतो. काम संपलं की ती काढून टाकता येते आणि दोघंही निर्धास्त राहतात.

ओळखीच्यांचं पेज घ्या, पण ‘असंच’ घेऊ नका. ‘सध्या’ म्हणून सुरू झालेलं फुकट काम वर्षभर चालतं आणि शेवटी ओळखही कडवट होते. सहा आठवडे सांगा, शेवटची तारीख लिहून द्या. बदल्यात आकडे पोर्टफोलिओत वापरायची लेखी परवानगी आणि काम पटलं तर चार ओळींचा अभिप्राय मागा. जाहिरातीचा खर्च त्यांचा. सातव्या आठवड्याचा दर पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. एवढं ऐकून ते मागे सरले, तर तुमचे सहा आठवडे वाचले.

गॅपचं उत्तर छोटं आहे. लिंक्डइनवर २०२२ पासून करिअर ब्रेक वेगळा नोंदवायची सोय आहे. तिथे ‘बाळाचं संगोपन आणि घरातलं आजारपण, २०२० पासून’ एवढंच लिहा. क्लायंटनं विचारलंच, तर तेच एका वाक्यात सांगा आणि पुढच्या वाक्यात गेल्या महिन्यात काय केलं ते दाखवा. जुन्या एजन्सीतलं काम दाखवताना त्या क्लायंटचे आतले आकडे उघड करू नका. अडचण काय होती आणि तुम्ही काय ठरवलं, एवढं पुरतं.

राहिला तो फोन. माझ्या मते या महिन्यातलं तुमचं पहिलं काम तेच आहे. फ्रीलान्सरला सुरुवातीची कामं बहुतेक वेळा जुन्या सहकाऱ्यांकडूनच मिळतात, आणि ज्या टीमकडे हातांपेक्षा काम जास्त असतं ती बाहेर माणसं शोधतच असते. तुमचं काम तिनं जवळून पाहिलंय. तुमच्या कोणत्याही नव्या क्लायंटला हे म्हणता येणार नाही. ती आता तुमच्यापेक्षा वरच्या जागी आहे हे टोचत असेल, तर ते टोचू दे, पण त्यासाठी फोन अडवू नका. नोकरी मागू नका, उपकारही मागू नका. सरळ म्हणा : ‘मी पुन्हा काम सुरू करतेय, आठवड्याला १२ तास देऊ शकते. तुमच्याकडे बाहेर दिलं जातं असं कोणतं काम आहे, आणि त्याचा एक नमुना मला करून बघायला मिळेल का?’