गुण नव्वद टक्के, पण सभेत आवाज नाही

प्रश्न : राजापूर तालुक्यातल्या माध्यमिक शाळेत मी शिकवते. अभ्यासात मुलीच पुढे, पण विद्यार्थी मंडळात अध्यक्ष मुलगा आणि सचिव मुलगी हे जणू ठरलेलंच. वक्तृत्व स्पर्धा घेतल्या, फरक पडला नाही. काय करावं? — एक शिक्षिका

उत्तर : बाई, पाठ केलेलं भाषण स्पर्धेत कोणी मध्येच तोडत नाही; सभेत तोडतात. म्हणून ढाल जिंकून आणलेली मुलगीही वाडीच्या बैठकीत गप्प बसते. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो, तेव्हा अडचण अभ्यासाची नाही. सभा चालवायचा सराव नाही, एवढंच.

दर पंधरवड्याला एक तास त्यासाठी ठेवा. कामं चार : अध्यक्ष, सचिव, वेळ पाहणारी आणि हात वर करणाऱ्यांची नावं क्रमाने टिपणारी. दर सभेला चौघं बदला. अक्षर सुरेख म्हणून वही एकाच मुलीकडे राहिली, की ती लिहायला शिकते, बोलायला नाही. सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच.

विषय एकच घ्या आणि त्यात थोडे पैसे गुंतलेले असू द्या. समजा, मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराची कडी तुटली आहे. ‘कडी बसवावी’ एवढाच ठराव लिहिला तर ती कडी पुढच्या पावसाळ्यापर्यंत बसत नाही. काय, कोणी, कोणत्या तारखेपर्यंत आणि किती रुपयांत, हे ठरावातच हवं. खाली सूचक आणि अनुमोदकाचं नाव. दुकानात जाऊन भाव विचारून येणं हेही मुलींकडेच द्या. पुढची सभा मागचं इतिवृत्त वाचून सुरू करा, म्हणजे काम कोणाकडे अडलं ते सगळ्यांसमोर येतं.

नियम दोनच. सगळ्यांचं एकदा बोलून होईपर्यंत कोणी दुसऱ्यांदा बोलायचं नाही, आणि अध्यक्षाने स्वतःचं मत शेवटी सांगायचं. ते आधी आलं की बाकीचे माना डोलावतात. तुम्ही मागच्या बाकावर बसा आणि गप्प राहा (हे सगळ्यात कठीण). पहिल्या दोन-तीन सभा विस्कटतील. विस्कटू द्यात.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. तिला ग्रामसभेला नेलं तर चालेल का? आमच्याकडे बायका सह्या करून घरी येतात. — एक आई, गुहागर

उत्तर : ग्रामसभेचे सदस्य म्हणजे गावचे मतदार, त्यामुळे तिला मत नाही. पण बसून ऐकायला नेऊन बघा, आणि हाताला काम द्या : किती बायका आल्या, किती बोलल्या, कोणता ठराव कोणी मांडला, हे तिने वहीत टिपावं. गणपूर्तीला, म्हणजे सभा भरायला लागणाऱ्या किमान हजेरीला, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी असेल ती संख्या लागते. ती मोजायलाही तिलाच सांगा.

ताई, तुम्ही स्वतः मात्र आधीच्या महिला सभेला जा. ग्रामसभेपूर्वी ती घ्यावी असं कायदाच सांगतो. पुष्कळ ठिकाणी ती वहीतच होते. तिथला ठराव पुढे ग्रामसभेत मांडता येतो. वाडीचा साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) मोडला असेल तर ‘साकव दुरुस्त करा’ म्हणून भागत नाही. साकवाची लांबी, रोज शाळेला जाणारी मुलं किती आणि पऱ्ह्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी असतानाचा फोटो, एवढं अर्जाला जोडा. लांबी मोजणं, फोटो काढणं ही कामं मुलीची. अर्ज दोन प्रतींत द्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्या. पोच नसेल तर पुढच्या सभेत ‘अर्ज आलाच नाही’ हे ऐकावं लागतं.

प्रश्न : मी सतरा वर्षांची आहे. पुढे गावात निवडणूक लढवायची आहे. आतापासून काय करू? — बारावीतली वाचक, वेंगुर्ले

उत्तर : मतदार नोंदणीचा नमुना ६ सतराव्या वर्षीच आगाऊ भरता येतो, अठरा पूर्ण झाल्यावर नाव यादीत येतं. नाव आपल्या गावातच नोंदवा, शहरातल्या मामांकडे नको. ग्रामपंचायतीला उभं राहायला २१ वर्षं पूर्ण हवीत. राज्यात निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. मागासवर्गीय राखीव जागा लढवायची असेल तर जात पडताळणी प्रमाणपत्राची कागदपत्रं, विशेषतः आजोबा-पणजोबांचे शाळेचे दाखले, आताच शोधायला लागा. ऐन अर्ज भरायच्या वेळी धावपळ होते ती त्यांच्याचपायी.