केएफसीचा पुतळा आणि रँडी बास

प्रश्न : जपानमध्ये एका अमेरिकन बेसबॉलवाल्याच्या नावानं म्हणे केएफसीचा पुतळाच नदीत टाकला होता, खरंय का?

उत्तर : अगदी खरंय! तो रँडी बास, ओक्लाहोमाचा गडी. अमेरिकेत मेजर लीगमध्ये (तिथली सर्वोच्च बेसबॉल लीग) त्याचं काही बस्तान बसलं नाही, मग १९८३ ला जपानच्या हानशिन टायगर्स टीमकडे गेला आणि तिथे नुसता धुमाकूळ. १९८५ ला ५४ होमरन (क्रिकेटच्या सिक्सरसारखा फटका), टीम चॅम्पियन! त्या वर्षी पब्लिक ओसाकाच्या दोतोनबोरी कालव्यावर जमलं, एकेका प्लेयरचं नाव पुकारायचं आणि त्याच्यासारखा दिसणारा फॅन पाण्यात उडी मारायचा, पण बाससारखा दाढीवाला गोरा आणणार कुठून, म्हणून केएफसीच्या दाढीवाल्या संस्थापकाचा, कर्नल सँडर्सचा पुतळाच उचलून फेकला. तो सापडला थेट २००९ ला, चष्मा आणि डावा हात गायब. टीम पुढे २०२३ पर्यंत जपानची चॅम्पियन झाली नाही, लोक म्हणे कर्नलचा शाप!

एका सीझनमध्ये ५५ होमरनचा तेव्हाचा रेकॉर्ड जपानी खेळाडू सादाहारू ओहचा, आणि १९८५ च्या सीझनच्या शेवटी ओह मॅनेजर असलेल्या टीमनं बासला मुद्दाम खेळण्याजोगे बॉलच टाकले नाहीत. १९८८ ला मुलाच्या आजारपणात टीमनं त्याला सोडलं. नंतर गडी ओक्लाहोमात स्टेट सिनेटर झाला.