उंच केलेला पिकअप आणि मागचा ट्रेलर

प्रश्न : आम्ही डेन्व्हरजवळ ऑरोरा येथे राहतो. गेल्या हिवाळ्यात मी वापरलेला फोर्ड एफ-१५० पिकअप घेतला. आधीच्या मालकाने त्याला सहा इंचांचे सस्पेन्शन लिफ्ट किट (गाडी उंच करणारा संच) आणि ३५ इंची टायर बसवलेले आहेत. जूनमध्ये आम्ही चौघे कॅम्पर ट्रेलर घेऊन युटामधील मोआबला जाणार आहोत. माहितीपत्रकात ट्रेलरचे वजन ५,२०० पौंड दिले आहे आणि ट्रक ९,००० पौंड सहज ओढेल, असे विक्रेत्याने सांगितले. ट्रकच्या रिसीव्हरची (मागे बॉल माउंट बसवायच्या नळीची) उंची जमिनीपासून २८ इंच आणि ट्रेलर समतल उभा असताना त्याच्या कपलरची (बॉलवर बसणाऱ्या पुढच्या पकडीची) उंची २० इंच भरते. माझ्याकडील बॉल माउंट (जोडणीचा बॉल धरणारा दांडा) चार इंच खाली उतरणारा आहे, त्यामुळे जोडल्यावर ट्रेलरचे नाक वर राहते. एवढ्याने काही बिघडते का?
— एक वाचक, ऑरोरा, कोलोरॅडो

उत्तर : बिघडते, आणि प्रवासाला निघण्यापूर्वीच ते दुरुस्त करावे. ट्रेलर समतल असावा किंवा त्याचे नाक किंचित खाली झुकलेले असावे. नाक वर राहिले की वजन मागे सरकते, ट्रेलरच्या दोन आसांपैकी मागच्या आसावर जादा भार येतो आणि बॉलवर पडणारा भार, म्हणजे टंग वेट, कमी होते. हे टंग वेट भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के असायला हवे. ते त्याखाली गेले, तर एखादा मोठा ट्रक शेजारून वेगाने गेल्यावर किंवा आडवा वारा आल्यावर ट्रेलर डावी-उजवीकडे हेलकावू लागतो, आणि उताराला हे हेलकावे फार झपाट्याने वाढतात.

तुमच्या मापांतील फरक आठ इंचांचा आहे. भार पडल्यावर ट्रकची मागची बाजू थोडी बसेल, हे लक्षात घेता बॉल रिसीव्हरपेक्षा सात-आठ इंच खाली आणावा लागेल आणि ते साध्या बॉल माउंटऐवजी वेट डिस्ट्रिब्यूशन हिचच्या (भार वाटून देणाऱ्या जोडणीच्या) लांब शँकने, म्हणजे रिसीव्हरमध्ये बसणाऱ्या दांड्याने, साधावे, असे मी सुचवीन. या हिचमुळे बॉलवरील भाराचा काही भाग ट्रकच्या पुढच्या आसावर आणि काही ट्रेलरच्या आसांवर परत जातो, त्यामुळे उचलले गेलेले पुढचे टायर पुन्हा रस्त्याला नीट टेकतात आणि स्टिअरिंगची पकड सुधारते. शँक घेताना तिच्यावर कोरलेली क्षमता वाचावी. बॉल रिसीव्हरच्या जितका खाली, तितका ब्रेक लावताना ट्रेलरच्या धक्क्याचा पीळ रिसीव्हरवर अधिक येतो. म्हणून लांबी वाढवणारे जोड किंवा ढिले अॅडॅप्टर मध्ये घालू नयेत. उंची बदलल्यावर सुरक्षा साखळ्या, दिवे-ब्रेकची सात पिनांची वायर आणि ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटल्यास त्याचे ब्रेक लावणारी तार) यांची लांबीही पुन्हा तपासावी. साखळ्या ट्रेलरच्या टंगखाली (पुढच्या दांड्याखाली) एकमेकींना छेद देऊन लावायच्या असतात, पूर्ण वळण घेताना त्या ताणल्या जाता कामा नयेत आणि सरळ चालताना रस्त्याला घासताही कामा नयेत.

मात्र तुमच्या पत्रातील मला सर्वांत काळजीची वाटलेली गोष्ट हिचची नसून वजनाची आहे. ९,००० पौंडांचा आकडा कंपनीने मूळ अवस्थेतील ट्रकसाठी दिलेला असतो. लिफ्ट किट आणि मोठ्या टायरांसह तो लागू होतो, असे कोणताही विक्रेता हमीने सांगू शकत नाही. शिवाय बहुतेक कुटुंबांच्या बाबतीत ट्रक किती ओढेल यापेक्षा तो अंगावर किती घेईल, ही मर्यादा आधी येते. चालकाच्या दाराच्या चौकटीवर पिवळ्या पट्टीचे स्टिकर असते. माणसे आणि सामान मिळून किती पौंड चालतील, ते त्यावर लिहिलेले असते. तुमच्या स्टिकरवर समजा १,६५० पौंड आहेत. माहितीपत्रकातील ५,२०० पौंड हे रिकाम्या ट्रेलरचे वजन आहे. भांडी, अंथरुणे, गॅस आणि पाणी भरले की ते सहज ६,२०० पौंडांवर जाते, कारण एका गॅलन पाण्याचेच वजन ८.३ पौंड असते आणि ४० गॅलनची टाकी भरली तर तीनशेहून अधिक पौंड वाढतात. ६,२०० चे १३ टक्के धरले तर सुमारे ८०० पौंड बॉलवर आले. हिचचे ९०, चौघांचे ६००, मागच्या हौद्यातील जनरेटर-सायकलींचे १५० पौंड मिळवले की बेरीज १,६४० होते. लिफ्ट किट आणि जड टायर यांचे शे-दीडशे पौंड स्टिकरमध्ये धरलेलेच नसतात, म्हणजे मर्यादा ओलांडली गेली. मागच्या सस्पेन्शनला हवेच्या पिशव्या बसवल्याने ट्रकची पाठ वर येईल, परंतु आसाची, टायरांची वा ब्रेकची क्षमता तसूभरही वाढणार नाही.

म्हणून अंदाज न करता वजन करून घ्यावे. महामार्गावरील ट्रक स्टॉपवर कॅट स्केल, म्हणजे गाड्या तोलण्याचे मोठे काटे, असतात. त्यांवर पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलरचे आस यांची वजने स्वतंत्र मिळतात. कुटुंब आणि सामानासह एकदा नुसता ट्रक तोलावा आणि एकदा हिचचे स्प्रिंग बार (भार पुढे ढकलणारे दांडे) न ताणता ट्रेलर जोडून तोलावा. ट्रकच्या दोन्ही आसांवर मिळून वाढलेले वजन म्हणजे तुमचे खरे टंग वेट. नंतर बार ताणून तिसऱ्यांदा तोलले की पुढच्या आसावर किती भार परत आला, तेही कळेल.

टायरांकडे वळू. मूळचे टायर साधारण ३१.५ इंचांचे धरले, तर ३५ इंची टायरांमुळे प्रत्येक फेऱ्यात गाडी ११ टक्के अधिक अंतर कापते. ३.५५ चा गिअर रेशो व्यवहारात ३.२ इतकाच उरतो, चढाला गिअरबॉक्स तापतो, आणि तेवढाच ब्रेक दाबला तरी गाडी थांबायला अधिक अंतर लागते. स्पीडोमीटर नव्या टायरांप्रमाणे जुळवून घेतला नसेल, तर काटा ६० दाखवत असताना तुम्ही सुमारे ६७ मैलांनी जात असता. ट्रेलरच्या अनेक टायरांची वेगमर्यादा ताशी ६५ मैल असते, त्यामुळे हा फरक क्षुल्लक मानू नये. ट्रकचे टायर लोड रेंज ई (जड भारासाठीच्या श्रेणीचे) असल्याची खात्री करावी.

मोआबचा तुमचा रस्ता आय-७० वरून आयझेनहॉवर बोगद्यातून जातो, तो ११,००० फुटांहून उंच आहे आणि पलीकडे सिल्व्हरथॉर्नकडे सात टक्क्यांपर्यंत उतार आहे. उतार सुरू होण्याआधीच टो-हॉल मोड (ओझे ओढतानाची गिअरबॉक्सची सेटिंग) लावून खालचा गिअर घ्यावा, उतारात शिरल्यावर नव्हे. ब्रेकवर पाय ठेवून राहू नये. ठामपणे दाबून वेग पाच-दहा मैलांनी उतरवावा आणि पाय काढावा. परतीच्या वाटेवर डेन्व्हर दिसू लागल्यावर जेनेसीजवळ ट्रकचालकांना घाट अजून संपलेला नाही असे बजावणाऱ्या पाट्या आहेत, त्या तुमच्यासाठीही आहेत असेच समजावे. ट्रेलर हेलकावू लागलाच, तर अॅक्सिलरेटर सोडावा, स्टिअरिंग सरळ धरावे आणि ब्रेक कंट्रोलरची (ट्रकमधून ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या यंत्राची) कळ हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावावेत. ही कळ चाचपडत शोधावी लागू नये म्हणून रिकाम्या, कोरड्या, सपाट पार्किंगमध्ये २० ते २५ मैलांच्या वेगाने तिचा सराव करावा आणि ट्रेलरची चाके लॉक होणार नाहीत इतकाच गेन (ट्रेलरच्या ब्रेकचा जोर) ठेवावा.

माझे स्पष्ट मत विचाराल, तर या प्रवासापुरते तरी मूळ मापाचे टायर बसवावेत, पाण्याची टाकी रिकामी ठेवून मोआबला पोहोचल्यावर भरावी आणि जनरेटर घरी ठेवावा. तरीही तराजूवरचा आकडा स्टिकरच्या वर गेला, तर कॅम्पर ट्रेलर मोआबलाच भाड्याने घ्यावा. मुलांचा त्यात काहीही विरस होणार नाही.

प्रश्न : माझ्या ट्रकला तीन इंचांचा बॉडी लिफ्ट आहे. मलाही अधिक उतार असलेला बॉल माउंट लागेल का?
— एक वाचक, ह्यूस्टन, टेक्सास

उत्तर : बहुधा नाही. बॉडी लिफ्टमध्ये केबिन आणि हौदा चासीवरून वर उचलले जातात. रिसीव्हर चासीला जोडलेला असल्याने तो जागच्या जागी राहतो. टायर मोठे घातले असतील तर मात्र व्यासातील वाढीच्या निम्म्याने तोही वर जातो. सपाट जागी रिसीव्हरच्या नळीच्या आतील वरच्या कडेपर्यंत मोजावे आणि ट्रेलर समतल करून कपलरच्या उंचीशी ताडून पाहावे.